टाकी, नळ आणि गल्लीतली कुत्री

गणिताच्या पुस्तकातील टाकीचे उदाहरण तुम्हांला आठवत असेल. एक नळ टाकी तीन तासांत भरतो, दुसरा तीच टाकी पाच तासांत रिकामी करतो. दोन्ही नळ एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल? हे उदाहरण सोडवताना प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात एक प्रश्न येतोच : टाकी भरायची आहे, तर तो दुसरा नळ बंद का करीत नाहीत? प्रश्न अगदी रास्त आहे. आज आपण याच्या नेमके उलट उदाहरण पाहू. टाकी रिकामी करायची आहे. खालचा नळ पुरता सोडला आहे, शिवाय माणसे बादल्यांनी पाणी उपसत आहेत. वरच्या नळाकडे मात्र कोणाचे लक्ष नाही! ही टाकी म्हणजे आपल्या गावात, आपल्या गल्लीत राहणारी कुत्री.

ही टाकी केवढी मोठी आहे? २०१९ च्या पशुगणनेत आपल्या देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. त्यांतली बहुतेक कोणाच्या वाटेला जात नाहीत. तरीही कुत्रा चावल्याची तक्रार सरकारी दवाखान्यात रोजची असते, आणि चावणारा कुत्रा पिसाळलेला असेल तर पुढचा प्रसंग भयंकर असतो. रेबीज म्हणजे अलर्क रोग. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे देशात वर्षाकाठी सुमारे ५,७०० माणसे या रोगाने दगावतात. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज तर १८ ते २० हजारांचा होता. (येथेच एक गोष्ट सांगून टाकतो. कुत्रे किंवा मांजर चावले, नुसते ओरखडले, तरी ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, घरी लगेच सांगा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. मार बसेल म्हणून लपवू नका.)

तर कुत्र्यांची संख्या आटोक्यात कशी आणायची, हा काही दयाळू माणसांचा हळवा प्रश्न नव्हे. तो टाकीच्या उदाहरणासारखा हिशेबाचा प्रश्न आहे. म्हणूनच पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारख्याने त्यात डोके घातले आहे.

सुरुवातीलाच एका चुकीच्या हिशेबाची विल्हेवाट लावू. निर्बीजीकरणाचा प्रचार करणाऱ्या कित्येक भित्तिपत्रकांवर असे लिहिलेले असते, की कुत्र्यांची एक जोडी आणि तिची संतती मिळून सहा वर्षांत ६७,००० कुत्री होतात. हेतू चांगला, पण गणित तपासा. दोनाचे ६७,००० म्हणजे सहा वर्षांत साडेतेहतीस हजार पट. याच वेगाने आणखी सहा वर्षे गेली तर? पुन्हा तितकीच पट. उत्तर येते सुमारे २२४ कोटी! बारा वर्षांत एका जोडीपासून भारतातील माणसांहून अधिक कुत्री झाली पाहिजेत. तशी ती झालेली दिसत नाहीत. मग चूक कोठे आहे? जन्मलेले प्रत्येक पिल्लू जगते आणि मोठे होऊन पिल्ले देते, असे त्या हिशेबात गृहीत धरले आहे.

प्रत्यक्षात काय घडते हे पाहायचे तर रस्त्यावर बसून मोजले पाहिजे. कोलकात्याच्या ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेतील संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये नेमके तेच केले. कुत्र्यांची ९५ वेते त्यांनी लक्ष ठेवून पाहिली. त्यांतून ३६४ पिल्ले झाली, म्हणजे एका वेताला सरासरी चारास थोडी कमी. त्यांपैकी वयात येईपर्यंत जगली फक्त १९ टक्के. पाचांतले एक! आणि जी गेली, त्यांतील निम्म्याहून अधिक पिल्लांच्या बाबतीत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे माणूस कारण होता, असे त्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. थंडीच्या दिवसांत दुकानाच्या फळीखाली जन्मलेली आणि सर्वांनी ‘किती गोड’ म्हणून उचलून घेतलेली पिल्ले पुढे कोठे जातात, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल तर त्याचे उत्तर हे असे आहे.

आता आपला हिशेब मांडू. आकडे सोपे घेऊ म्हणजे तोंडी करता येतील. एका गावात १०० माद्या आहेत. प्रत्येक मादी वर्षातून एकदा विते असे धरा; आपल्याकडच्या रस्त्यावरील बहुतेक माद्यांचे तसेच असते. एका वेळी चार पिल्ले, त्यांत दोन माद्या. पाचांतले एक जगते, म्हणून दर मादीमागे वर्षाला ०.४ नवी मादी तयार होते. शंभर माद्यांमागे ४०. मोठ्या माद्यांपैकी दरवर्षी चौथा हिस्सा, म्हणजे २५, रोगाने किंवा गाडीखाली मरतात असे समजा. वरच्या नळाने ४० आल्या, खालच्या नळाने २५ गेल्या, १५ वाढल्या. ही वाढ अन्न पुरेल तोवर चालते. खरकटे, कचराकुंड्या, खाटिकखान्याच्या मागचा उकिरडा, हे सर्व मिळून जेवढ्या कुत्र्यांना पुरते तेवढी झाली की पिल्ले अधिक मरू लागतात आणि संख्या एका पातळीवर टेकते. टाकीला वरच्या बाजूस भोक असावे तसे हे आहे.

समजा, नगरपालिकेने कुत्र्यांची गाडी काढली आणि शंभरांतल्या २० माद्या मारल्या. उरल्या ८०. पण खरकटे तेवढेच राहिले! वाटेकरी कमी झाल्यामुळे आता पाचांतल्या एकाऐवजी दोन पिल्ले जगली, तर नव्या माद्या किती? ८० गुणिले ०.८, म्हणजे ६४. शेजारच्या वस्तीतून रिकाम्या जागेवर येणारी कुत्री वेगळीच. पुन्हा शंभरांवर पोचायला किती हव्या होत्या? २० मारल्या आणि ८० पैकी २० आपोआप मेल्या, अशा फक्त चाळीस. एका वर्षात खड्डा भरून निघाला, वर उरल्याच.

हा कागदावरचा खेळ नव्हे. मद्रास शहरात कुत्री पकडून मारण्याचे काम १८६० पासून सुरू होते. तेथील ‘ब्ल्यू क्रॉस’ ही प्राणिमित्र संस्था १९५९ साली स्थापन झाली. तिने दिलेल्या माहितीप्रमाणे १९९५ च्या सुमारास रोज मारल्या जाणाऱ्या कुत्र्यांचा आकडा शंभराच्या पुढे गेला होता. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ बादल्यांनी उपसून टाकी रिकामी झाली नाही, उलट रोज अधिक बादल्या लागू लागल्या. १९९६ साली महापालिकेने तो मार्ग सोडला व निर्बीजीकरण सुरू केले. पुढे २००१ साली केंद्र सरकारने नियमच केले, की भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण करावे, त्यांना रेबीजची लस टोचावी आणि पुन्हा त्यांच्या जागी सोडावे. २०२३ साली त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. मुख्य सूत्र तेच राहिले.

‘पुन्हा त्याच जागी’ या शब्दांवर पुष्कळ जणांचा राग असतो. पकडले ते पकडले, वर परत आणून सोडले! परंतु आता तुम्ही हिशेब केला आहे, तेव्हा यातली खुबी तुमच्या ध्यानात येईल. निर्बीज केलेली मादी आपल्या जागेवर राहते, तेथले खरकटे खाते, परक्या कुत्र्यांना हुसकावते, आणि पिल्ले मात्र देत नाही. मारलेली मादी जागा रिकामी करते. ही जागा अडवून बसते.

किती माद्या निर्बीज केल्या म्हणजे संख्या उतरू लागेल? येणाऱ्या माद्या जाणाऱ्यांपेक्षा कमी हव्यात. जाणाऱ्या २५. दर सुपीक मादीमागे ०.४ नवी येते, म्हणून २५ भागिले ०.४, उत्तर ६२.५. सुपीक माद्या यांहून कमी राहिल्या पाहिजेत. म्हणजे शंभरांतील ३८ निर्बीज केल्या की काम झाले? थांबा. पिल्ले कमी जन्मली की उरलेल्या पिल्लांच्या वाट्याला अधिक अन्न येणार आणि ती अधिक जगणार. सर्वांत वाईट बाजू धरू आणि पाचांतली दोन जगतात असे मानू. मग २५ भागिले ०.८, उत्तर ३१. सुपीक माद्या ३१ पेक्षा कमी, अर्थात निर्बीज माद्या सुमारे ७०.

जयपूरमध्ये हे करून पाहण्यात आले. ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने नोव्हेंबर १९९४ पासून २००२ च्या अखेरपर्यंत २४,९८६ कुत्र्यांवर शस्त्रक्रिया केल्या व त्यांना लस टोचली. त्या भागातील ६५ टक्के माद्या निर्बीज झाल्या. कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी उतरली, आणि त्या भागात माणसांना रेबीज होण्याचे प्रमाण शून्यावर आले. नर किती निर्बीज केले होते? सहा टक्क्यांच्या आसपास, बस्स. कारण उघड आहे. शंभर नरांपैकी नव्वद निर्बीज केले तरी उरलेले दहा सर्व माद्यांना पुरून उरतात. पिल्लांची संख्या माद्यांवर ठरते.

मग जयपुरात जमले ते इतर ठिकाणी का जमत नाही? याचे उत्तरही टाकीच देते. समजा, शंभर माद्यांच्या गावात नगरपालिका दरवर्षी नेमाने १० माद्या निर्बीज करते. सात वर्षांत सत्तर होतील असे वाटते ना? पण निर्बीज माद्यादेखील मरतात. त्यांचाही चौथा हिस्सा दरवर्षी जातो आणि त्यांच्या जागी सुपीक माद्या येतात. पहिल्या वर्षी १०. दुसऱ्या वर्षी त्यांतल्या साडेसात उरल्या, अधिक दहा, झाल्या साडेसतरा. तिसऱ्या वर्षी २३, चौथ्या वर्षी २७. वाढ मंदावत चालली आहे, पाहा. चाळीस निर्बीज माद्या झाल्या की वर्षाला दहाच मरतात आणि दहाच नव्या निर्बीज होतात. तेथे गाडी अडकते. शंभर वर्षे काम केले, पैसा ओतला, तरी चाळिसाच्या वर जाणार नाही! भोक पडलेली बादली बारीक धारेने भरत नाही. धार मोठी लागते. गावभर थोडे थोडे करण्यापेक्षा एक पेठ घेऊन ती थोड्या अवधीत पुरी करावी, मग दुसरी घ्यावी, हे शहाणपण यातूनच येते.

ही मोठी धार येते कोठून? प्राण्यांच्या आश्रयगृहांतून. आश्रयगृह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांजरपोळ उभा राहतो : म्हाताऱ्या, लंगड्या जनावरांना मरेपर्यंत सांभाळायची जागा. तेही पुण्याचे काम आहेच. पण आपल्या हिशेबाच्या दृष्टीने आश्रयगृह हे कोठार नसून कारखाना आहे, आणि त्याची शक्ती एका साध्या भागाकारात आहे. समजा, एका संस्थेकडे ६० पिंजरे आहेत. कुत्रा आणणे, एक रात्र उपाशी ठेवून भूल देणे, शस्त्रक्रिया, नंतर चार-पाच दिवस जखमेची देखभाल, असे सारे मिळून एका कुत्र्याला सहा दिवस लागतात. साठ भागिले सहा : रोज दहा कुत्री. वर्षाचे कामाचे दिवस तीनशे धरले तर तीन हजार. हीच साठ कुत्री जर कायमची ठेवून घेतली, तर वर्षाचे काम किती? साठ, आणि पुढच्या वर्षी शून्य.

‘सगळी कुत्री उचला आणि कोंडा’ हा उपाय सोपा वाटतो, त्यातली अडचण हीच. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व आसपासची भटकी कुत्री आश्रयगृहांत ठेवावीत, परत सोडू नयेत, असा आदेश दिला होता. अकराच दिवसांनी, २२ ऑगस्टला, तो बदलण्यात आला. पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळून बाकीची निर्बीजीकरण आणि लसीनंतर मूळ जागी सोडावीत असे ठरले. ७ नोव्हेंबरला न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतील कुत्री मात्र परत तेथे सोडू नयेत असे सांगितले. शाळेच्या आवाराबाबत मला हे पटते. परंतु सगळ्या शहराला तो नियम लावायचा तर दहा हजार कुत्र्यांमागे, कुत्र्यास चारशे ग्रॅम धरले तरी, रोजचे चार टन अन्न झाले. शिवाय दाटीवाटीने ठेवलेल्या कुत्र्यांत पार्व्हो आणि डिस्टेंपरसारखे रोग वणव्यासारखे पसरतात.

लसीचेही गणित असेच आहे. गोव्यात २०१४ पासून ‘मिशन रेबीज’ने सरकारच्या मदतीने गावोगाव फिरून कुत्र्यांना लसी टोचल्या. शेकडा सत्तरांच्या आसपास कुत्री सुरक्षित झाली की रोगाला एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जायला वाट सापडेनाशी होते. २०२१ साली गोवा हे देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले.

आता तुमच्या-आमच्या घरातल्या कुत्र्याकडे येऊ. तुम्ही म्हणाल, आमचा मोती साखळीला असतो, त्याचा या टाकीशी काय संबंध? पुष्कळ आहे. घरातली मादी एखाद्या दिवशी फाटकातून निसटते. नऊ आठवड्यांनी चार-पाच पिल्ले होतात. दोन ओळखीचे लोक नेतात, उरलेली ‘कोणीतरी नेईल’ म्हणून बाजारात किंवा आश्रयगृहाच्या दारात खोक्यात ठेवली जातात. कधी घर बदलताना मोठे कुत्रेच तेथे बांधून माणसे निघून जातात. घरात वाढलेले कुत्रे रस्त्यावर जगत नाही, म्हणून संस्थेला ते ठेवून घ्यावेच लागते. ते वर्षभर एक पिंजरा अडवते. पिंजऱ्याचे एक वर्ष म्हणजे ३६५ भागिले सहा : सुमारे साठ शस्त्रक्रिया बुडाल्या! टाकून दिलेल्या एका कुत्र्याची ही किंमत कोणाच्या पावतीवर लिहिलेली नसते.

मांजरांचे तर विचारूच नका. पाच-सहा महिन्यांत मांजरी वयात येते, वर्षातून दोन-तीनदा विते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. घरात वाढवलेली भावंडेसुद्धा एकमेकांशी जुळतात, हे लोकांच्या ध्यानात येत नाही.

निर्बीजीकरणात करतात तरी काय? मादीला पूर्ण भूल देऊन कुशीवर किंवा पोटावर लहानसा छेद घेतात आणि बीजकोश व गर्भाशय काढून टाकतात. नराची वृषणे काढतात. बीजकोश गेले की मादी माजावर येत नाही, म्हणजे दारापुढे नरांचा जमाव आणि रात्रीची भांडणे थांबतात. गर्भाशयच नसल्याने त्यात पू होण्याचा रोग होत नाही. उतारवयातील माद्यांना गाठणारा हा रोग वेळीच उपचार झाले नाहीत तर प्राण घेतो. लहान वयात शस्त्रक्रिया झाली असेल तर स्तनाच्या गाठींचा धोकाही कमी होतो. नराला वृषणांचा कर्करोग होण्याचा प्रश्न उरत नाही, आणि मादीच्या वासाने रस्ता ओलांडत धावणे, हरवणे, गाडीखाली येणे पुष्कळ कमी होते. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते : शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे नराच्या शरीरात शुक्रजंतू शिल्लक असतात, तोवर त्याला माद्यांपासून दूर ठेवावे.

‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, मग करावे’ असे आजी सांगते. त्याने मादीचे काही भले होत नाही. ‘कुत्रा लठ्ठ होतो’ हे मात्र अर्धे खरे आहे. संप्रेरके बदलल्यामुळे त्याची अन्नाची गरज कमी होते आणि भूक कमी होत नाही; म्हणून थाळीत थोडे कमी वाढावे आणि फिरायला अधिक न्यावे. शस्त्रक्रियेने स्वभाव सुधारतो असेही मी सांगणार नाही. भित्रे कुत्रे धीट होत नाही, न शिकवलेले शहाणे होत नाही. तसेच कोणत्या वयात करावे याचे एकच उत्तर नाही. लॅब्राडॉरसारख्या मोठ्या जातींत फार लवकर केल्यास सांध्यांना त्रास होऊ शकतो, तेव्हा वय पशुवैद्याला विचारूनच ठरवावे.

आश्रयगृहाला मदत करायची तर पैसेच लागतात असे नाही. तेथे जुनी वर्तमानपत्रे, पोती, चादरी, टॉवेल रोज लागतात. भूल उतरणारे कुत्रे थंडीने कुडकुडते. घरी कुत्रे हवे असेल तर विकत आणण्यापूर्वी तेथे चक्कर मारावी, एक पिंजरा मोकळा होतो. आणि एक काम असे आहे की जे गणित येणारा विद्यार्थीच नीट करील. ते म्हणजे मोजणी.

निर्बीज केलेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, ती लांबूनही दिसते. एका रविवारी पहाटे, वर्दळ सुरू होण्यापूर्वी, कोणी मोठे माणूस बरोबर घेऊन आपल्या पेठेतून फिरा. दुरूनच छायाचित्रे काढा; जवळ जाऊ नका, पिल्लांजवळच्या मादीपाशी तर मुळीच नको. समजा, २४ कुत्री टिपली. पुढच्या रविवारी त्याच वाटेने फिरा. या वेळी २० दिसली आणि चित्रांशी ताडून पाहता त्यांतील १२ आधीचीच निघाली. म्हणजे विसांत बारा ओळखीची. तेच प्रमाण साऱ्या पेठेला लावले तर २४ गुणिले २०, भागिले १२ : पेठेत एकंदर सुमारे ४० कुत्री आहेत, तुम्ही पाहिली नाहीत तीसुद्धा धरून. जंगलातील प्राणी मोजायलाही शास्त्रज्ञ हीच युक्ती वापरतात. आता त्यांतल्या माद्या किती आणि खाच असलेल्या माद्या किती, हे वेगळे लिहा. शंभरांत सत्तर भरतात का पाहा, आणि तो कागद तुमच्या नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात किंवा जवळच्या आश्रयगृहात नेऊन द्या. कोणत्या गल्लीत गाडी आधी पाठवायची हे त्यांना त्यावरून ठरवता येईल.